चुकून आलेले पाहुणे

इतिहासाच्या नावाने चालणाऱ्या वाहिनीवर गोठलेल्या सरोवरांवरून मालट्रक हाकणारे ड्रायव्हर कशासाठी दाखवतात, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. ‘आइस रोड ट्रकर्स’ ही मालिका अमेरिकेतल्या हिस्टरी चॅनेलने 2007 मध्ये सुरू केली. उत्तर कॅनडातला कडाक्याचा हिवाळा, चाकाखाली बर्फाचा थर आणि पाठीवर टनावारी माल. बघताना छातीत धस्स होते हे खरे. पण यात इतिहास कुठला? त्याच वाहिनीने 2009 मध्ये लास व्हेगासच्या एका गहाणवटीच्या दुकानाची मालिका आणली. तिथे निदान एखादे गिऱ्हाईक जुनी तलवार नाही तर जुने नाणे घेऊन येते, म्हणून इतिहासाचा थोडा वास तरी लागतो.

हा प्रकार एकट्या हिस्टरीचा नाही. ‘टीएलसी’ ही वाहिनी आपल्याकडे खाण्यापिण्याची आणि भटकंतीची म्हणून ओळखीची. या तीन अक्षरांचा मूळ अर्थ ‘द लर्निंग चॅनेल’. 1972 मध्ये ‘नासा’ आणि अमेरिकी सरकारच्या शिक्षण खात्याने दूरवरच्या डोंगराळ भागातल्या लोकांच्या शिक्षणासाठी जे काम सुरू केले, त्यातून ती जन्मली. शिकवणे मागे पडले, अक्षरे राहिली. गाण्यांसाठी निघालेल्या एमटीव्हीवर आपल्याकडे 2003 पासून मोटारसायकलवरून फिरणाऱ्या, भांडणाऱ्या, रडणाऱ्या तरुणांची ‘रोडीज’ सुरू झाली. आपली म्हण तयारच आहे: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पण टीका करून हा विषय संपत नाही. कारण पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या गावात ज्यांची हयात गेली, त्यांना या ‘चुकीच्या घरात आलेल्या’ कार्यक्रमांनी बरेच काही दिले आहे. किंबहुना आमच्या पिढीचे अर्धे शिक्षण अशाच पाहुण्यांनी केले.

एकच खिडकी

मुंबई दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले आणि मुंबईची चित्रे पुणे परिसरात दिसू लागली. त्या काळात पिंपरी-चिंचवड ही जेमतेम तीन वर्षांची नगरपालिका होती. 1954 मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग 1962 नंतर औद्योगिक विकास महामंडळाने आखलेले भूखंड, त्यांच्यावर आलेले लहानमोठे कारखाने, आणि त्यांच्या मागोमाग सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, केरळ, उत्तर प्रदेश इथून आलेली माणसे. गावठाणातल्या चाळी, कंपन्यांच्या वसाहती, प्राधिकरणाची घरे. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी संध्याकाळी आळीतली पोरे. गच्चीवरच्या सगळ्या अँटेना दक्षिणेकडे, सिंहगडाकडे तोंड करून उभ्या. जोराचा वारा सुटला की एक जण वर चढायचा आणि खालून कोरस उठायचा: ‘आलं, आलं... गेलं!’

वाहिनी एकच होती, त्यामुळे तिच्या ताटात सगळेच वाढलेले असे. खानावळीतल्या राइस प्लेटसारखे. भात आवडो न आवडो, वाटी येणारच. ‘किलबिल’ संपले की शेतीचा कार्यक्रम, मग बातम्या, मग एखाद्या दिवशी ‘गजरा’, एखाद्या दिवशी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, आणि मधेच गुजराती बांधवांसाठी ‘आवो मारी साथे’. चिंचवडच्या वाड्यात गुजरातीचा गंध नसलेली आजी ते गुजराती निवेदन मान डोलवत ऐकायची, कारण ते संपल्यावर पुढे काय लागेल ते सांगता येत नसे आणि संच बंद करून पुन्हा लावला तर तो बिघडतो अशी तिची ठाम समजूत होती.

कारखान्याच्या गावाला आणखी एक अडचण होती, पाळ्यांची. सकाळपाळीचा माणूस संध्याकाळी घरी, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री आणि रात्रपाळीचा दिवसा झोपलेला. त्यामुळे ‘साप्ताहिकी’ हा पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमांची माहिती देणारा कार्यक्रम आमच्याकडे वही-पेन्सिल घेऊन पाहिला जाई. एका बाजूला पाळ्यांचे कोष्टक, दुसऱ्या बाजूला कार्यक्रमांचे. कामगारांसाठी म्हणून ‘कामगार विश्व’ हा कार्यक्रम होता, पण ज्या आठवड्यात दुसरी पाळी, त्या आठवड्यात तो कामगाराची बायको-मुले पाहत. कामगार त्या वेळी प्रेस मशीनपुढे उभा असे.

दारात उभे राहून पाहिलेली शेती

या सगळ्यांत आमच्या गावात सर्वांत विजोड दिसावा असा कार्यक्रम म्हणजे ‘आमची माती, आमची माणसं’. चहूकडे कारखान्यांचे भोंगे, रस्त्यावर पाळीच्या बसगाड्या, आणि पडद्यावर तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी. कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ शांतपणे सांगत असत, हेक्टरी इतके किलो खत, इतक्या दिवसांनी पहिली कोळपणी. आम्हा पोरांना तो कार्यक्रम म्हणजे शिक्षा वाटे. आम्ही तो संपण्याची वाट पाहत असू.

मोठ्या माणसांचे तसे नव्हते. शेजारी राहणारे आप्पा एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते. मूळचे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. घरची कोरडवाहू जमीन धाकट्या भावाकडे. हा कार्यक्रम लागला की आप्पा पोस्टकार्ड घेऊन बसायचे. औषधाचे नाव, प्रमाण, फवारणीची वेळ बारीक अक्षरात लिहून दुसऱ्या दिवशी कारखान्याला जाताना पेटीत टाकायचे. गावी टीव्ही नव्हता. मुंबईहून निघालेला शेतीचा सल्ला सिंहगडावरून पिंपरीच्या एका कामगाराच्या घरी उतरत होता आणि तिथून पंधरा पैशांच्या कार्डावर बसून मराठवाड्यातल्या शेतात पोहोचत होता. कार्यक्रम आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असा प्रेक्षक खचितच नसेल.

दुसरे होते दूध घालायला येणारे मामा, चिखलीचे. संध्याकाळच्या रतिबाला त्यांची आणि या कार्यक्रमाची वेळ जुळे. आत या म्हटले तरी आत येत नसत. पायाला चिखल आहे म्हणत, उंबऱ्याबाहेर उभे राहून पूर्ण कार्यक्रम पाहत, मग पुढच्या घरी जात. पडद्यावरच्या तज्ज्ञांशी त्यांचे वाद चालत. ‘याच्या रानात पाणी असंल, आमच्यात कुठलं?’ अशी त्यांची टिप्पणी असे. पुढे त्यांच्या भागात जमिनी संपादनात जाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मामा येत राहिले, कार्यक्रम पाहत राहिले, पण वाद घालणे हळूहळू थांबले. एके दिवशी आई म्हणाली, ‘मामा, आज काही बोलला नाहीत?’ ते म्हणाले, ‘आता बघायचं नुसतं, ताई. करायचं कुठं?’ काही वर्षांनी गोठ्याच्या जागी त्यांनी खोल्या बांधल्या आणि त्या कामगारांना भाड्याने दिल्या. दूध बंद झाले.

मला आज वाटते, तो कार्यक्रम आमच्या गावात विजोड नव्हताच. विजोड झाले होते ते गाव. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणलाही पुढे तेच झाले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा सुरू झाला, त्यांच्या मागे सुट्या भागांचे शेकडो कारखाने आले. माती खाली गेली आणि तिच्याविषयी बोलणारा कार्यक्रम तेवढा वर राहिला.

दुपारचा इंग्रजी वर्ग

15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, बहुतेक इंग्रजीत आणि तोही भर दुपारी. त्यातले काही कार्यक्रम पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रात तयार होत. पण दुपारी कॉलेजचा विद्यार्थी कॉलेजात! मग पाहणार कोण? आमच्याकडे पाहणारे होते: दुसऱ्या पाळीला निघण्यापूर्वी जेवायला बसलेले कामगार. पुढ्यात भाकरी-पिठले आणि समोर पेशीविभाजन.

यात हसण्यासारखे खूप आहे, आणि आम्ही हसलोही. पण उष्णप्रक्रिया विभागात काम करणारे एक काका एकदा घास हातात धरून थांबले होते, ते मला आठवते. पडद्यावर धातूच्या आतली रचना दाखवत होते. पोलाद तापवून एकदम थंड केले की त्यातले कण वेगळ्या तऱ्हेने बसतात, म्हणून ते कठीण होते. पण ठिसूळही होते, म्हणून पुन्हा बेताने तापवावे लागते. इंग्रजी काकांना कळत नव्हते, चित्र कळत होते. पोलादाला ‘पाणी द्यायचे’ हे काम ते बारा वर्षे करत होते. जेवण झाल्यावर एवढेच म्हणाले, ‘आतून असं होतं होय!’ त्यांच्या साहेबांनी ते कधी सांगितले नव्हते, त्यांनीही कधी विचारले नव्हते. दिल्लीत बसून कार्यक्रमाची वेळ ठरवणाऱ्याच्या गैरसोयीच्या वेळापत्रकाने ते काम केले.

रविवार दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट लागत. त्याआधी कर्णबधिरांसाठी बातम्या. हाताच्या खुणांनी सांगितलेल्या त्या बातम्या ऐकू येणारी माणसेच अधिक पाहत असावीत. मग एखादा मल्याळी, बंगाली नाही तर उडिया चित्रपट, खाली इंग्रजी अक्षरे. मल्याळी चित्रपट असला की केरळच्या शेजारणीचा भाव त्या दिवशी वधारे. एरवी आमच्या घोळक्यात गप्प बसणारी ती बाई त्या दुपारी दुभाषी होई. तिच्या गावात पाऊस कसा पडतो, घरांना कसली कौले असतात, हे सगळे आम्हाला त्या दोन तासांत समजे. तिच्याकडे मिक्सर आहे की नाही एवढीच चौकशी करणाऱ्या बायका तिला गावाकडची माणसे विचारू लागल्या.

रविवारचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. विजेचा भार विभागून जावा म्हणून औद्योगिक भागांना साप्ताहिक सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिलेले असतात. भोसरी-पिंपरीकडच्या अनेक कारखान्यांचा वार गुरुवार. त्यामुळे आमच्या पंचांगात रविवार गुरुवारी येतो. 25 जानेवारी 1987 रोजी रविवार सकाळी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा सारा देश घरी आणि आमचे निम्मे गाव कामावर. सकाळपाळीची रजा मागणाऱ्यांची संख्या वाढल्याचे किस्से त्या काळात प्रत्येक कारखान्यात ऐकू येत. ‘काय झालंय?’ या प्रश्नाला ‘लंकादहन आहे’ असे उत्तर कुणी लेखी दिले नसेल एवढेच. उलट गुरुवारी रात्री ‘छायागीत’, ते मात्र मुद्दाम आमच्यासाठीच ठेवले आहे अशी आमची खात्री होती.

खरे तर ‘रामायण’ हेही त्या घरातले पाहुणेच. शिक्षण, विकास, कुटुंबनियोजन यांसाठी वाढवलेल्या सरकारी माध्यमावर जाहिरातींच्या आधारे चालणारी धार्मिक मालिका यावी का, यावर तेव्हा वृत्तपत्रांतून वाद झडले. त्याच्याही आधी 1984 ची ‘हम लोग’. मेक्सिकोतल्या धर्तीवर छोट्या कुटुंबाचा संदेश देण्यासाठी ती आखली होती. संदेश मागे राहिला, कुटुंब मात्र घराघरात शिरले आणि सोबत प्रायोजकाच्या नूडल्सही शिरल्या. पाहुणा म्हणून आलेली मालिका पुढे दूरदर्शनची मालकीण झाली.

फडताळे झाली, मग सरमिसळ झाली

1991 मध्ये उपग्रहावरून स्टार टीव्ही आला, 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी आले. गच्च्यांवरच्या अँटेना उतरल्या आणि चाळीचाळींतून केबलच्या काळ्या तारा झुलू लागल्या. आता प्रत्येक आवडीला वेगळे फडताळ: खेळ इथे, गाणी तिथे, बातम्या पलीकडे, जंगलातले वाघ आणखी पलीकडे. 15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा मराठी आणि पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर मराठीलाही स्वतःची फडताळे मिळाली.

मग फडताळांतल्या वस्तू हलू कशा लागल्या? कारण सोपे आहे. वाहिनी चालते जाहिरातींवर, जाहिरात मिळते प्रेक्षकसंख्येवर. इतिहासाचे वेड असलेली माणसे ठराविकच. त्यांच्यावर भागत नाही. शेजारच्या फडताळातली गर्दी थोडी आपल्याकडे वळवावी म्हणून एक वेगळा कार्यक्रम ठेवतात. तो चालला की दुसरा. दहा वर्षांनी पाहावे तो मूळ माल कोपऱ्यात आणि पाहुणे बैठकीत. स्टार प्लसचे उदाहरण घ्या. सुरुवातीला ती इंग्रजी वाहिनी. तिथे ‘सांता बार्बरा’सारख्या अमेरिकी मालिका चालत. पुढे त्यांच्यामध्ये हिंदी कार्यक्रम आले, ते तेव्हा अवघडल्यासारखे दिसत. 3 जुलै 2000 रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ आणि ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाले आणि उरलेले इंग्रजी कार्यक्रमच अवघडल्यासारखे दिसू लागले. तेव्हा उपरा कोण आणि यजमान कोण, हे शेवटी काळच ठरवतो.

या भटकंतीत कधीकधी मजेदार गाठी पडतात. ‘नॅशनल जिओग्राफिक’ ही नावाने भूगोलाची वाहिनी, तिच्यावर ‘मेगाफॅक्टरीज’. मोटारी कशा बनतात ते दाखवणारी. दिवसभर मोटारीचेच दार बसवून आलेला चाकणचा तरुण रात्री जेवताना जर्मनीतल्या कारखान्यात दार कसे बसवतात ते पाहतो आणि म्हणतो, ‘आमचा रोबो यापेक्षा नवा आहे.’ त्या वाक्यातला अभिमान भूगोलाच्या पुस्तकात बसत नाही. आणि तळेगाव चौकाच्या कोंडीत तासन्‌तास अडकणाऱ्या ट्रकचालकाला त्या बर्फावरच्या ड्रायव्हरांत आपलाच भाऊबंद दिसत असेल, तर हिस्टरीवाल्यांना दोष कसा द्यायचा?

आता कोणी चुकत नाही

26 मे 2015 रोजी दूरदर्शनने शेतकऱ्यांसाठी ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी काढली. 2019 मध्ये ‘ट्राय’च्या नव्या नियमांनुसार हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्याचेच पैसे भरण्याची सोय झाली. दोन्ही गोष्टी चांगल्याच. शेतकऱ्याला चोवीस तास माहिती मिळावी, गिऱ्हाइकाला नको त्याचे पैसे पडू नयेत. पण दुधाचा रतीब घालणारा मामा आणि अळीचे नाव ऐकून कंटाळलेली शहरी पोरे एकाच पडद्यापुढे येण्याची शक्यता तिथेच संपली. मोबाइलने तर कमालच केली. आपण काल काय पाहिले ते त्याच्या लक्षात असते आणि तो आज तसेच पुढे करतो. घरात चार माणसे, चार पडदे आणि एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही. वाट चुकून कोणी येतच नाही.

जुने ते सोने असे मला म्हणायचे नाही. ती एकच खिडकी सरकारच्या हातात होती. बातम्यांत मंत्र्यांच्या फिती कापणे असे, विरोधी आवाज क्वचितच उमटत असे. अनेक कार्यक्रम विलक्षण कंटाळवाणे होते. आज चाकणच्या खोलीत राहणारा, कंत्राटावर काम करणारा मुलगा रात्रपाळीनंतर मोबाइलवर यंत्राचे प्रोग्रॅमिंग मराठीत शिकू शकतो. उष्णप्रक्रियेतल्या काकांना ते बारा वर्षे मिळाले नव्हते. पण त्या मुलाला आधी काय शोधायचे ते माहीत असावे लागते. काकांना ते माहीत नव्हते, आणि तरीही त्यांना मिळाले. फरक एवढाच आहे. पण तो लहान नाही. जे आपण कधी मागितले नसते तेच कधीकधी आपल्याला हवे असते.

टाळेबंदीत, 28 मार्च 2020 पासून, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले. सगळ्या पट्ट्यातली यंत्रे बंद, पाळ्या नाहीत, भोंगे नाहीत, गुरुवार आणि रविवार सारखेच. एरवी आपापल्या पडद्यांत बुडालेली घरे एका संचापुढे बसली. तेहतीस वर्षांपूर्वीचे ते संथ कथानक नातवंडांना विजोड वाटले असणार. त्यांनी प्रश्न विचारले, आजी-आजोबांनी उत्तरे दिली. मालिकेपेक्षा ते बोलणे मोलाचे होते.

ते बोलणे परत आणायला टाळेबंदी कशाला हवी? आठवड्यातून एक संध्याकाळ रिमोट घरातल्या अशा माणसाच्या हाती द्यावा, ज्याची आवड आपल्याला मुळीच पटत नाही. आजीला कीर्तन लावू द्यावे, मुलाला त्याचे बर्फावरचे ट्रक, बाबांना शेती. आणि उठून जाऊ नये. दारात उभा असलेला पाहुणा नेहमी चुकूनच आलेला असतो असे नाही. कधी तो बरोबर पत्त्यावर आलेला असतो, आपल्यालाच तो पत्ता ठाऊक नसतो.